कादंबरीतले हरवलेले बालपण अभ्यासताना

बालपणाच्या निरागसतेचा अंत हा विषय लघुप्रबंधासाठी घेणाऱ्यांना तो सोपा वाटतो, कारण बालपण प्रत्येकानेच मागे टाकलेले असते. धोका नेमका तिथेच आहे. आपल्या आठवणींचा हळवेपणा नायकावर लादला, तर प्रबंध वाचायला गोड होतो आणि मौखिक परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला कोसळतो.

मी स्वतः जिथे दीर्घकाळ अडकून पडले होते, ती एकच गोष्ट सविस्तर सांगते. प्रथमपुरुषी निवेदनाच्या अशा बऱ्याच कादंबऱ्यांत ‘मी’ दोन असतात: प्रसंगातून जाणारे मूल, आणि पुष्कळ वर्षांनी तोच प्रसंग सांगणारा प्रौढ. डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मध्ये (१८६०-६१) श्रीमंत घरात वाढणारी एस्टेला लहानग्या नायकाच्या, म्हणजे पिपच्या, खरखरीत हातांना आणि जाड बुटांना हिणवते. तोवर पिपने स्वतःच्या हातांकडे त्या नजरेने कधी पाहिलेलेच नसते. पुढे आपल्या घराची लाज वाटणे किती केविलवाणे असते, अशा आशयाचे एक विधान येते, आणि ते उद्धृत करण्याचा मोह कोणालाही होतो. ते विधान मात्र सांगणाऱ्या प्रौढ पिपचे आहे. मुलाजवळ त्या वेळी केवळ लाज आहे; कृतघ्नतेची टोचणी निवेदकाजवळ आहे. हे विधान मुलाच्या जाणिवेचा पुरावा म्हणून वापरले, तर निरागसता गेली तो काळ आणि ती गेल्याचे उमगले तो काळ यांतले अंतरच पुसले जाते, आणि ज्याचा अभ्यास करायचा तेच हातातून निसटते.

म्हणून दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. मुलाला तेव्हा ठाऊक असलेले एका रंगाने आणि निवेदकाला नंतर कळलेले दुसऱ्या रंगाने अधोरेखित करा. काही वाक्ये कोणत्याच रंगात बसणार नाहीत. ती वेगळ्या वहीत उतरवा, कारण प्रबंधातले सर्वांत चांगले प्रकरण बहुधा त्यांतूनच निघते.

ही पद्धत सर्वत्र सारखी चालत नाही. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’चा (१९६३) निवेदक पंचवीस वर्षांचा, म्हणजे भोगलेल्या काळाला अजून चिकटलेला आहे, त्याचा उपरोध हेच त्याचे चिलखत आहे आणि धाकट्या बहिणीच्या मृत्यूपाशी ते गळून पडते. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’मध्ये (२००४) तर नववीतल्या मुकुंदवर भाष्य करणारा प्रौढ आवाज जवळजवळ ऐकूच येत नाही. आणीबाणीविषयी मोठ्यांचे बोलणे त्याच्या कानावर पडते, पण त्याचा पुरता अर्थ वाचकालाच लागतो. तिथे दुसरा रंग निवेदकाऐवजी वाचकासाठी राखून ठेवावा लागेल.

तयार नोट्स आणि चित्रपट यांविषयी माझे मत कठोर आहे. पडद्यावर मूल दिसते, परंतु त्याच्याकडे मागे वळून पाहणारा आवाज बहुतेक वेळा कापला जातो. चित्रपट पाहून लिहिलेला प्रबंध अनुभवी परीक्षक पानभर वाचून ओळखतो. मार्गदर्शकांविषयीही बोलायला हवे. भेटीगणिक नव्या सिद्धान्ताचे नाव देऊन वाटेला लावणाऱ्यापेक्षा समोर बसून मूळ संहितेची दोन पाने तुमच्यासह वाचणारा मार्गदर्शक, मग तो कितीही तुसडा असो, लाख पटीने बरा.

अर्थात आरंभी सगळे उतारे एकसारखेच वाटतात, त्याने खचून जाऊ नका; दुसऱ्या वाचनापर्यंत कान तयार होतो. निरागसता संपल्याचा एकच ठळक प्रसंग सापडला नाही, तर तो ओढूनताणून निर्माणही करू नका. पिपचेच पाहा: कैद्यासाठी केलेली चोरी, एस्टेलाने केलेला अपमान आणि आपला खरा उपकारकर्ता कोण हे कळण्याचा धक्का, असे ते तुकड्यातुकड्याने घडते.

‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ निवडलीत, तर आणखी एक काळजी घ्या. डिकन्सने आपला कादंबरीकार मित्र बुल्वर-लिटन याच्या सल्ल्यावरून मूळ शेवट बदलला होता. मूळ शेवटात पिप आणि एस्टेला ओझरते भेटून आपापल्या वाटेने जातात. प्रसिद्ध झालेल्या शेवटात त्यांच्या एकत्र येण्याची शक्यता खुली राहते. पिप अखेर किती शहाणा झाला, याचे उत्तर त्यानुसार बदलते, तेव्हा आपण कोणता शेवट धरून लिहीत आहोत, हे पहिल्याच प्रकरणात स्पष्ट नोंदवा.