मूळ संख्यांमधलं अंतर काढताय? या चुका टाळा

सगळ्यात जास्त घोळ मोजण्यातच होतो. 113 नंतरची मूळ संख्या थेट 127, म्हणजे अंतर 14, पण मधल्या संयुक्त संख्या मोजल्या तर 13च भरतात. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त आपण काय मोजतोय ते आधी ठरवा, नाहीतर अर्धा कोड एक धरतो नि अर्धा दुसरं, आणि मग रात्री दोनपर्यंत एकाचा फरक शोधत बसायचं (मी बसलोय).

दुसरी चूक जास्त लबाड आहे. मोठी रेंज असली की आपण हजार-हजारचे तुकडे करून चाळणी (पटीतल्या संख्या खोडून मूळ तेवढ्या उरवायची रीत) लावतो, आणि 997 पहिल्या तुकड्यात राहते, 1009 दुसऱ्यात, मग त्यांच्यामधलं 12 चं अंतर कुणीच मोजत नाही. मागच्या तुकड्यातली शेवटची मूळ संख्या जपून पुढे न्यायची, एवढाच उपाय. बरं, 10 लाखांच्या आतलं सगळ्यात मोठं अंतर 114 आलं म्हणून खूश होऊ नका, ते 492113 ते 492227 असं एकाच तुकड्यात बसतं त्यामुळे बग असला तरी उत्तर बरोबर येतं! त्यापेक्षा सगळ्या अंतरांची बेरीज करा, ती शेवटची वजा पहिली, म्हणजे 999983 − 2 = 999981 यायलाच हवी, आणि अंतरं 78497 भरायला हवीत.

अपेक्षित सरासरी अंतर म्हणजे संख्येचा नैसर्गिक लॉग (एक्सेलमधला एलएन), ते 6 च्या आसपास दिसतेय? मग एक्सेलमध्ये एलएनच्या जागी लॉग वापरलाय, तो 10 च्या पायाचा असतो. 10 लाखांजवळ सरासरी अंतर साधारण 13.8 अपेक्षित आहे. सुरुवातीपासूनची सरासरी मात्र 12.7 येते, तो बग नाही, लहान संख्यांत मूळ संख्या दाट असतात.

अंतरं क्रमाने वाढतील असंही धरू नका. 14 चं अंतर 113 लाच भेटतं, 10 चं त्यानंतर 139 ला नि 12 चं 199 ला, म्हणून प्रत्येक अंतराचा शोध पहिल्यापासून घ्या.

आणि पोरांच्या वहीत हमखास दिसणारं: 8 आणि 9 सहमूळ आहेत (1 सोडून सामाईक विभाजक नाही), जोडमूळ नाहीत, जोडमूळला दोन्ही मूळ लागतात नि अंतर 2. अशा जोड्या अनंत आहेत असं ठोकून लिहू नका, गणितज्ञ यितांग झांगने 2013 मध्ये 7 कोटींच्या आतल्या अंतरापर्यंत सिद्ध केलं, पुढे ते 246 पर्यंत उतरलं, 2 अजून बाकीच आहे.