स्लिपवरचा भत्ता आणि हातातला पगार: ड्रायव्हरच्या घरच्यांनी हिशेब कसा धरावा

आमचे हे अकरा वर्षं एकाच मालकाच्या ट्रेलरवर होते. न्हावा शेवाला कंटेनर उचलायचा आणि चाकण, रांजणगाव, वाळूज, कधी पार बुटीबोरीपर्यंत पोचवायचा. २०२२ च्या दिवाळीनंतर त्यांनी काम सोडलं. हिशेब घ्यायला गेले तेव्हा शेठने कागद पुढे केला: ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) ५७,११५ रुपये. महिन्याला हातात जवळजवळ २५,००० येत होते, त्यामुळे मला तो आकडा काही पटेना. पत्र्याच्या पेटीतून स्लिपा काढल्या तेव्हा कळलं. मूळ पगार ९,०००, प्रवास भत्ता ११,०००, इतर भत्ता ६,०००. एकूण २६,००० रुपये, पण कागदावर माझा नवरा नऊ हजारांचा माणूस होता.

नंतरचं दीड वर्ष मी या तीन ओळींच्या मागे होते. आता कळंबोलीत आमच्या आजूबाजूच्या बायका स्लिपा घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे. मी वकील नाही, पण हा हिशेब बारावी शिकलेल्या कुणालाही जमेल असा आहे.

आधी ‘टॅक्स लागत नाही’ हे वाक्य मनातून काढून टाका. कामावर घेताना शेठ म्हणाले होते, ‘भत्त्यात दाखवतो, टॅक्स बसणार नाही, हातात जास्त येईल.’ आयकराच्या १९६१ च्या कायद्यात ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी अशी सवलत होती, हे खरं. गाडीवर असताना स्वतःच्या खर्चासाठी मिळणाऱ्या भत्त्याचा ७० टक्के भाग, पण महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये, करातून सुटायचा. मात्र वेगळा दैनिक भत्ता मिळत असेल तर ही सवलत नव्हती. आता आमचं उत्पन्न बघा. २६,००० गुणिले १२ म्हणजे वर्षाला ३,१२,०००. तेव्हा पाच लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असलेल्याला कर शून्यच होता. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत शून्य आहे. म्हणजे सगळी रक्कम पगार म्हणून दाखवली असती तरी आम्हाला एक रुपया कर बसला नसता. करमुक्त भत्त्याचा फायदा आमच्यासाठी नव्हताच. फायदा झाला तो मालकाचा, कारण भत्त्यावर पीएफ, ओव्हरटाइम, ग्रॅच्युइटी काहीच धरलं जात नव्हतं.

आता तुमच्या घरची स्लिप घ्या. स्लिप मिळत नसेल तर मागा. वेतन संहिता या नव्या कामगार कायद्याप्रमाणे ती देणं मालकावर बंधनकारक आहे. व्हॉट्सॲपवर मागा, म्हणजे मागितल्याची खूण राहते. भत्त्याच्या प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारा. हा भत्ता दर महिन्याला तेवढाच येतो का? त्यासाठी कधी बिल किंवा पावती द्यावी लागली का? गाडी उभी असतानाही तो आला का?

तिसरा प्रश्न सगळ्यात मोठा. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये ट्रेलरचा गिअरबॉक्स गेला आणि गाडी बारा दिवस गॅरेजला होती. हे त्या दिवसांत घरीच. त्या महिन्याच्या स्लिपवर प्रवास भत्ता मात्र पुरा ११,०००. प्रवास झालाच नाही तर भत्ता कसला? शिवाय रस्त्यावरचा खरा खर्च, म्हणजे जेवण, पंक्चर, वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी), पार्किंग, हा ट्रिपच्या ॲडव्हान्समधून रोख मिळायचा आणि परत आल्यावर मुनीमाकडे त्याचा वेगळा हिशेब व्हायचा. चाक थांबलं तरी जो भत्ता थांबत नाही तो पगारच असतो. नाव काहीही देऊ देत.

इथे प्रामाणिक राहा, हे मी प्रत्येकीला हात धरून सांगते. ट्रिपची खुराकी, म्हणजे जेवणाखाण्याचे पैसे, खरोखर खर्च झालेली असेल तर ती पगारात मोजून मागू नका. सगळंच मागायला गेलं की समोरचा एक खरी पावती दाखवतो आणि तुमचा बाकीचा हिशेबही खोटा ठरवतो. खरा खर्च एका बाजूला आणि दर महिन्याचा ठरलेला आकडा दुसऱ्या बाजूला, असे दोन रकाने पाडा.

आता पुरावा. आमचा सगळ्यात भक्कम पुरावा स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला होता. मी कालनिर्णयवर दुधाचा हिशेब लिहायचे. हे घरी असले की एक लिटर, गाडीवर असले की अर्धा. त्याच चौकोनात ‘चाकण’, ‘पोर्टला लाईन’, ‘गॅरेज’ असंही लिहायची सवय होती, कारण पोरं सारखी विचारायची, बाबा कुठे आहेत. पाच वर्षांची कॅलेंडरं मी माळ्यावर ठेवली होती. गॅरेजचे ते बारा दिवस सलग एक-एक लिटर दूध आहे. शेठच्या अकाउंटंटला त्यावर बोलता आलं नाही.

तुमच्याकडे कॅलेंडर नसेल तर आजपासून लिहायला लागा, आणि गाडीवरच्या माणसाला सांगा की प्रत्येक कागदाचा फोटो घरी पाठवायचा. बिल्टी (मालाची ट्रान्सपोर्ट पावती), पीओडी (माल पोचल्याच्या सहीचा कागद), पोर्टचा गेट पास, डिझेलची पावती, ई-वे बिल. वजनकाट्याची पावती तर नक्की, कारण तिच्यावर गाडीचा नंबर, तारीख आणि वेळ छापलेली असते. ‘गाडी लाव’, ‘उद्या सकाळी रिपोर्ट कर’ असे सुपरवायझरचे मेसेज पुसू नका. मोबाइल बदलताना जुनं चॅट आधी वाचवून ठेवा. बँकेचं स्टेटमेंट वर्षाचं एकदम काढा आणि पगार कोणत्या तारखेला, किती आणि कुठून आला त्याच्याखाली पेन्सिलने रेघ मारा. पुष्कळ ठिकाणी ‘भत्ता’ शेठच्या घरच्या कुणाच्या तरी खात्यातून फोनवर येतो, त्याच्याखाली दोन रेघा मारा.

मग आकडेमोड. पीएफ पगाराच्या १२ टक्के कामगाराचा आणि तेवढाच मालकाचा. ९,००० वर तो १,०८० होतो. भत्ते पगारात धरले तरी मालकाला १५,००० च्या मर्यादेवर थांबता येतं, तेव्हा १,८००. म्हणजे महिन्याला ७२० रुपये मालकाचे कमी आणि ७२० आपले कमी. आपले ७२० हातात आले म्हणून बरं वाटतं, पण मालकाचे ७२० कुठेच आले नाहीत. त्यावर पेन्शनही अवलंबून आहे. पेन्शनचा हिशेब शेवटच्या पाच वर्षांचा सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७० असा आहे, आणि त्याला किमान दहा वर्षं लागतात. अकरा वर्षांना ९,००० वर महिन्याला १,४१४ रुपये बसतात, १५,००० वर २,३५७. हा फरक अठ्ठावन्नाव्या वर्षापासून जन्मभराचा आहे.

ओव्हरटाइमही असाच. महिन्याच्या पगाराला २६ ने (कामाचे दिवस) भागा, आलेल्या आकड्याला ८ ने (दिवसाचे तास). ९,००० चा तास ४३ रुपयांचा, दुप्पट दराने ८६. १५,००० चा तास ७२ चा, दुप्पट १४४. पोर्टच्या लाईनीत गाडी घेऊन उभं राहणं हीसुद्धा ड्युटीच आहे, ते तास सोडू नका.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, त्यात आपल्या कामाची एक मोठी गोष्ट आहे. पगाराची व्याख्या आता सगळ्यांसाठी एकच आहे. प्रवास भत्ता, घरभाडे, ओव्हरटाइम, कमिशन असे ठरावीक प्रकार पगारातून बाहेर राहतात, पण त्यांची बेरीज एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त झाली तर वरचा भाग पगारातच मोजायचा. ‘इतर भत्ता’ असं मोघम नाव त्या वगळलेल्या यादीत नाहीच. आमच्या स्लिपवर हे लावून बघा. ९,००० अधिक इतर भत्त्याचे ६,००० म्हणजे पगार १५,००० झालाच. प्रवास भत्त्यावर भांडायच्या आधीच. शेजारच्या ताईंच्या नवऱ्याला ८,००० पक्के आणि साधारण १८,००० ट्रिपभत्ता मिळतो. ट्रिपभत्ता सगळा वगळलेल्या यादीत धरला तरी २६,००० चे निम्मे १३,०००, म्हणजे वरचे ५,००० पगारात येतात आणि पगार १३,००० धरावा लागतो.

आमचं प्रकरण जुन्या कायद्यातलं. तेव्हा ग्रॅच्युइटीत महागाई भत्ता सोडून बाकीचे भत्ते धरत नसत, म्हणून त्या ५७,११५ वर मला काही करता आलं नाही. हे मला अजून टोचतं. आमच्या जागी कुणी आज काम सोडलं आणि १५,००० धरले, तर पंधरा दिवसांचा पगार (महिना २६ दिवसांचा धरून) गुणिले अकरा वर्षं म्हणजे ९५,१९२ रुपये होतात.

पीएफचं मात्र जुन्या कायद्यातही जमलं. २८ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणात सांगितलं आहे की जो भत्ता सगळ्यांना सरसकट आणि नेहमी दिला जातो तो पीएफसाठी मूळ पगारच आहे. जास्त काम केलं म्हणून कमी-जास्त होणारा भत्ता वेगळा. अर्जात या निकालाचं नाव आणि तारीख लिहा. आमच्या अर्जावर पीएफ कार्यालयाने पीएफ कायद्याच्या कलम ७-ए खाली चौकशी लावली. अकाउंटंट म्हणाला, ही खर्चाची भरपाई आहे. साहेबांनी विचारलं, मग बिलं कुठे आहेत? बिलं नव्हतीच. तारखा पडत गेल्या, चौदा महिने लागले. फरकाची रक्कम पासबुकात आली त्या दिवशी यांनी मोबाइल दोनदा बंद करून चालू केला आणि पुन्हा बघितलं.

कुठे जायचं ते क्रमाने सांगते. पहिलं पत्र मालकालाच, स्पीड पोस्टने, पोच मिळेल असं. भांडणाची भाषा नको. पीएफसाठी उमंग ॲपवर पासबुक उघडून कोणत्या पगारावर पैसे भरले ते बघा आणि पीएफच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका. तक्रारीचा नंबर कॅलेंडरवर लिहा. कमी पगार, ओव्हरटाइम, स्लिप न देणं यासाठी कामगार कार्यालय. वेतन संहितेत दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, आधी पगाराच्या दाव्याला एकच वर्ष होतं. दावा खरा ठरला तर त्या रकमेच्या दहा पटींपर्यंत भरपाई सांगता येते. पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची आहे, म्हणून सगळेच कागद नाहीत म्हणून घरी बसू नका. ड्रायव्हरला तारखेला यायला जमत नसेल तर नोंदणीकृत युनियनलाही दावा करता येतो.

सह्यांचं मात्र सांभाळा. कोऱ्या व्हाउचरवर सही नको. ‘फुल अँड फायनल’ लिहिलेल्या कागदाचा आधी फोटो काढा. पैशांची निकड असेल आणि सही करावीच लागली तर सहीखाली स्वतःच्या हाताने ‘हक्क राखून रक्कम स्वीकारली’ असं लिहा आणि तारीख घाला. उचल घेतली असेल तर किती फिटली ते महिन्याच्या महिन्याला लिहून घ्या, कारण तक्रार केली की पहिली तीच पुढे येते. लायसन्स मालकाच्या ड्रॉवरमध्ये ठेवू देऊ नका. टायर, शॉर्टेज (माल कमी भरला) असल्या नावाने पैसे कापले असतील तर तोही तक्ता जोडा. नुकसान ड्रायव्हरच्या चुकीने झालं हे ठरवायच्या आधी त्याचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि सगळ्या कपाती मिळून निम्म्या पगाराच्या वर जाता येत नाही.

पहिल्या पत्राचा मजकूर असा ठेवा, आकडे तुमचे घाला:

‘मी आपल्याकडे अमुक तारखेपासून चालक आहे. माझ्या स्लिपवर दरमहा ११,००० प्रवास भत्ता व ६,००० इतर भत्ता दिसतो. या रकमा ठरावीक आहेत, त्यासाठी बिल घेतले जात नाही आणि गाडी बंद असतानाही त्या मिळाल्या आहेत. प्रवासाचा खर्च मला वेगळ्या ॲडव्हान्समधून मिळतो. त्यामुळे या रकमा पगारात धरून पीएफ व ओव्हरटाइमचा फरक पंधरा दिवसांत द्यावा. सोबत महिन्यावार तक्ता जोडला आहे.’

तक्त्याला एका पानापेक्षा जास्त लावू नका. महिना, गाडीवरचे दिवस, गाडी उभी असलेले दिवस, भत्ता, पीएफ किती भरला आणि किती भरायला हवा होता, एवढे सहा रकाने पुरतात. ज्या महिन्यात गाडी जास्त दिवस उभी होती ती ओळ लाल पेनने खूण करा, सुनावणीत बोट तिथेच ठेवायचं आहे. मूळ कागद कुणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या. पत्राची पोच आली की ती त्याच पेटीत, स्लिपांच्या वर ठेवा.