मोज्याच्या टाचेत खरं अवघड काय असतं

टाच वळवणं, म्हणजे ओळी मध्येच फिरवून टाचेला गोलाई देणं, ही फार मोठी विद्या असल्यासारखं बरेच जण सांगतात. ते ऐकून नवी मंडळी घोट्यापर्यंत झकास विणतात आणि तिथे काम पिशवीत कोंबून ठेवतात. प्रत्यक्षात वळवायच्या ओळी बाराच आहेत आणि आकडे वाचत गेलं की त्या होतात. मोजा बिघडतो तो पुढच्या पायरीला, टाचेच्या मागे विणलेल्या पट्टीच्या कडेचे टाके उचलताना. त्याबद्दल बहुतेक पॅटर्नमध्ये एकच वाक्य असतं, ‘दोन्ही कडांनी टाके उचला’. कुठून उचलायचे आणि कोपऱ्यातल्या भोकाचं काय करायचं, यावर अवाक्षर नाही.

खालचे आकडे ६० टाक्यांच्या मोज्याचे आहेत. मोज्याची चार पदरी लोकर, सव्वादोन ते अडीच मिलिमीटरच्या सुया, १० सेंटिमीटरला साधारण ३० टाके. लोकरीत पाव हिस्सा नायलॉन असू द्या. निव्वळ मऊ लोकर हाताला कितीही गोड लागली तरी टाचेला लवकर विरते. टाके घालणं, बॉर्डर, घोट्यापर्यंतचा भाग, हे येतं असं धरते.

पट्टी

पावलाच्या वरच्या बाजूचे ३० टाके एका सुईवर गप्प बसू द्या. उरलेल्या ३० टाक्यांवर मागेपुढे विणून टाचेची पट्टी करायची.

सुलट बाजू: एक टाका न विणता उजव्या सुईवर सरकवा, एक सुलट विणा. असं ओळभर.
उलट बाजू: पहिला टाका सरकवा, बाकी सगळे उलट.

टाका सरकवताना सुई उलट टाका घेताना घालतो तशी घाला आणि लोकर कायम आतल्या बाजूला ठेवा. सरकवलेल्या टाक्यामागून लोकर जाते, त्यामुळे पट्टी दुपदरी आणि दणकट होते. हे टाळून साधी सुलट-उलट पट्टी विणायचा सल्ला कुणी दिला तर मुळीच ऐकू नका.

अशा ३० ओळी. दोन ओळींमागे कडेला एक साखळी तयार होते, म्हणजे दोन्ही कडांना १५-१५ साखळ्या. पायाचा वरचा भाग उंच असेल तर ३४ ओळी करा, १७ साखळ्या मिळतील. मोजा घोट्याशी अडकतो, चढत नाही, अशी तक्रार असते तेव्हा बहुधा पट्टी आखूड पडलेली असते.

वळण

ओळ १ (सुलट बाजू): १ सरकवा, १६ सुलट, डावीकडे झुकणारी जोडी, १ सुलट. काम फिरवा.
ओळ २: १ सरकवा, ५ उलट, २ टाके एकत्र उलट, १ उलट. फिरवा.
ओळ ३: १ सरकवा, ६ सुलट, जोडी, १ सुलट. फिरवा.
ओळ ४: १ सरकवा, ७ उलट, २ एकत्र उलट, १ उलट. फिरवा.

दर ओळीला मधला आकडा एकाने वाढवत जा. डावीकडे झुकणारी जोडी म्हणजे दोन टाके एकेक करून सुलट घेतल्यासारखे सरकवायचे, मग डावी सुई त्यांच्या पुढून घालून दोन्ही एकत्र विणायचे. फिरवलेल्या जागी फट दिसते. जोडी नेहमी त्या फटीच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक टाका मिळून होते, त्यामुळे आकडा विसरलात तरी फट बघून पुढे जाता येतं. ओळीच्या मध्येच काम फिरवताना काहीतरी चुकतंय असं वाटेल. वाटू द्या. १२ ओळी झाल्या की दोन्हीकडचे टाके संपतात आणि सुईवर १८ उरतात.

कडेचे टाके

इथे घाई करू नका. मी स्वतः मोज्यात सर्वांत जास्त उसवलंय ते याच जागी.

१८ टाके सुलट विणले की तुम्ही पट्टीच्या डाव्या कडेशी येता. आता कडेची प्रत्येक साखळी नीट बघा. तिला दोन पाय असतात, एक बाहेरचा आणि एक पट्टीकडचा. सुई दोन्ही पायांच्या खालून घाला, लोकर सुईवर घ्या आणि ओढून बाहेर काढा. झाला एक टाका. एकाच पायातून उचला, नाजूक दिसतं, असं सांगणारे बरेच भेटतील. विणून झाल्यावर दिसतं खरं. पण पायात घातल्यावर तो एकटा पाय ताणतो आणि कडेने जाळी उघडते. दोन्ही पाय घेतले की आत बारीकशी कड येते, ती एका धुण्यात बसते. सुई जात नसेल तर क्रोशाच्या बारीक सुईने लोकर ओढून घ्या आणि टाका सुईवर चढवा.

साखळ्या १५, टाके १५. पॅटर्नमध्ये जास्त आकडा दिला आहे म्हणून एका साखळीतून दोन टाके ओढू नका. तुमच्या पट्टीला जितक्या साखळ्या, तितकेच टाके.

आता कोपरा. पट्टी ३० ओळी वाढत होती तेव्हा वरच्या बाजूचे टाके जागचे हललेले नाहीत. त्या दोघांमधला लोकरीचा आडवा धागा दोन्हीकडून ओढला जाऊन सैल पडतो आणि तिथे भोक दिसतं. समोर आहे म्हणून तोच धागा उचलून विणायचा मोह होतो. नेमकं तेच करायचं नाही, कारण सैल धाग्यावर टाका विणला की भोक आणखी पसरतं. थांबलेल्या सुईवरचा पट्टीला लागून असलेला टाका शोधा. त्याच्या बरोबर खालच्या फेरीतला टाका घट्ट विणीतला असतो. सुई त्याच्यात घाला आणि तिथून लोकर ओढा. हा सोळावा टाका. पुढच्या फेरीत हा एकच टाका मागच्या पायातून विणा, म्हणजे तो पिळला जाऊन कोपरा आवळतो.

वरचे ३० टाके विणा. दुसऱ्या कडेला क्रम उलटा: आधी कोपऱ्याचा टाका, मग १५ साखळ्या. कोपऱ्याचे पहिले दोन टाके जरा ओढून विणा, नाहीतर दोन सुया जिथे भेटतात तिथे उभी शिडी पडते. शेवटी तळाच्या १८ पैकी ९ टाके विणले की फेरीची सुरुवात टाचेच्या मधोमध येते. सुयांवर आता ८० टाके.

एवढं करूनही बारीक भोक राहिलं तर उसवू नका. मोजा पूर्ण झाल्यावर आतून शिवणाच्या सुईने त्याच लोकरीचे दोन टाके घातले की बुजतं.

पुढचं

एक फेरी साधी. मग एका आड एक फेरीला वरच्या ३० टाक्यांच्या अलीकडे २ एकत्र सुलट आणि १ सुलट, पलीकडे १ सुलट आणि डावीकडे झुकणारी जोडी. अशा १० फेऱ्यांनी परत ६० टाके होतात. त्यापुढे पाऊल सरळ विणत जा.

पट्टी नसलेल्या टाचा

अर्धवट ओळींची टाच पट्ट्यापट्ट्यांच्या रंगीत लोकरीला शोभते, कारण रंगांची रांग मोडत नाही. ३० टाक्यांवर दर ओळीला शेवटचा एकेक टाका सोडत जायचं, मध्ये १० उरले की परत एकेक घेत यायचं. उंच पायाला मात्र ती आवळते. तिथे ३० ऐवजी ३६ टाक्यांवर करा, नाहीतर सरळ पट्टीची टाच घ्या.

मागाहून लावायची टाच विणायला सगळ्यात सोपी. टाचेच्या जागी अर्धे टाके वेगळ्या रंगाच्या उरलेल्या लोकरीने विणायचे, तेच टाके परत मूळ लोकरीने विणून मोजा पुरा करायचा. नंतर ती लोकर काढून दोन्ही बाजूंचे मोकळे टाके सुयांवर घ्यायचे आणि चवड्यासारखी निमुळती टाच विणायची. विरली तर तेवढी टाच उसवून नवी लावता येते. बसायला ती पट्टीच्या टाचेइतकी नेटकी नाही, हे माझं मत.

कुठलीही टाच करा, पट्टीच्या ओळी आणि उचललेले टाके कागदावर लिहून ठेवा. दुसरा मोजा महिन्याभराने हातात घेतला की यातलं काही आठवत नाही, आणि विणलेल्या पट्टीवरून ओळी मोजत बसणं डोळ्यांना फार जड जातं.