बूटला दुसरी ड्राइव्ह आपोआप माउंट करताय? एफएसटॅबमधल्या या चुका टाळा

लिनक्सवर दुसरी एसएसडी किंवा जुनी हार्ड डिस्क लावली की दर वेळी फाईल मॅनेजर उघडून तिच्यावर क्लिक करायचा कंटाळा येतो, मग माणूस एटीसी फोल्डरमधली एफएसटॅब फाईल (बूट होताना कोणती ड्राइव्ह कोणत्या फोल्डरला जोडायची, म्हणजे माउंट करायची, याची यादी) उघडतो आणि कुठूनतरी कॉपी केलेली ओळ चिकटवतो. ओळ एकच असते पण ती चुकली तर मशीन बूट होताना ९० सेकंद अडकतं आणि नंतर थेट इमर्जन्सी मोड, डेस्कटॉप येतच नाही. नवीन मंडळी इथेच घाबरून सगळं फॉरमॅट मारतात, आणि त्याची खरंच काही गरज नसते.

पहिली चूक म्हणजे ओळीत ड्राइव्हचं नाव एसडीबी१ असं टाकणं. ही नावं कायमची नसतात, कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, बूटच्या वेळी ज्या क्रमाने डिस्क सापडतात तशी तो ती वाटतो, त्यामुळे एखादा पेनड्राइव्ह लावून मशीन चालू केलं तरी कालची एसडीबी आज एसडीसी होऊ शकते. त्याऐवजी यूयूआयडीच वापरा, म्हणजे त्या पार्टिशनवरच्या फाईल सिस्टिमचा स्वतःचा ओळख क्रमांक. एलएसबीएलके कमांडला -एफ लावलं की तो दिसतो. बीएलकेआयडी वापरत असाल तर नीट बघा, तिथे पार्टयूयूआयडी हा वेगळा क्रमांक पण शेजारीच छापलेला असतो आणि घाईत बरेच जण तोच उचलतात. आणि हो, पार्टिशन परत फॉरमॅट केलं की यूयूआयडी बदलतो, जुनी ओळ तशीच राहिली की बूट अडकलंच समजा.

दुसरी गोष्ट नोफेल, म्हणजे ड्राइव्ह सापडली नाही तरी बूट चालू ठेव असं सांगणारा ऑप्शन. डेटाच्या ड्राइव्हला हा ऑप्शन नसेल तर सिस्टिमडी (बूटच्या वेळी सगळं सुरू करणारा प्रोग्राम) ती ड्राइव्ह अत्यावश्यक धरतो, केबल सैल झाली तरी बूट थांबवतो. त्यामुळे डिफॉल्ट्स च्या पुढे कॉमा देऊन नोफेल लिहाच, कॉमानंतर स्पेस नको. पण याची एक बाजू फार कोणी सांगत नाही. ड्राइव्ह माउंट झाली नाही तरी मशीन गुपचूप चालू होतं, ड्राइव्ह जिथे माउंट व्हायची ते एमएनटी मधलं रिकामं फोल्डर तसंच असतं, आणि रात्रीचा बॅकअप त्या रिकाम्या फोल्डरमध्ये म्हणजे तुमच्या मेन डिस्कवरच जाऊन पडतो, डिस्क भरेपर्यंत पत्ता लागत नाही. नंतर ड्राइव्ह माउंट झाली की त्या फाईली तिच्याखाली झाकल्या जातात, मग जागा कुठे गेली हे शोधत बसा. यावर उपाय म्हणजे ड्राइव्ह अनमाउंट असताना त्या रिकाम्या फोल्डरवर सुडोने सीएचएटीटीआर +आय चालवायचं, मग तिथे रूटला, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या यूझरलाही लिहिता येत नाही, माउंट मात्र व्यवस्थित होतं.

परमिशनचा घोळ तर रोजचाच. ईएक्सटी४ (लिनक्सचा स्वतःचा डिस्क फॉरमॅट) च्या ओळीत यूआयडी=१००० (मालक यूझरचा नंबर) टाकलं तर माउंटच फेल होतं, कारण ईएक्सटी४ मध्ये मालकी डिस्कवरच साठवलेली असते, तिथे आधी माउंट करून मग सीएच-ओन कमांडने मालक बदलायचा. यूआयडी, जीआयडी (ग्रुपचा नंबर) हे एनटीएफएस आणि एक्सफॅट या विंडोजकडच्या फॉरमॅटसाठी. एनटीएफएस ड्राइव्ह नुसती रीड-ओन्ली येत असेल किंवा माउंटच होत नसेल तर आधी विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, ते चालू असताना विंडोज शटडाउन झालं तरी पूर्ण बंद होत नाही आणि ड्राइव्ह अर्धवट अवस्थेत सोडतं. ओळीतला शेवटचा आकडा, म्हणजे बूटला डिस्क तपासायचा क्रम, रूट पार्टिशनला (जिथे लिनक्स स्वतः आहे) १, बाकी लिनक्स पार्टिशनला २, एनटीएफएसला ०. माउंट करायच्या फोल्डरच्या नावात स्पेस टाळाच, टाकायचीच असेल तर तिच्या जागी बॅकस्लॅश आणि ०४० लिहावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं: फाईल सेव्ह करून लगेच रीबूट मारू नका!! आधी फाईंडएमएनटी --व्हेरिफाय चालवा, ते चुकीची ओळ दाखवतं. मग सिस्टिमडीने बदललेली फाईल परत वाचावी म्हणून सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड, ड्राइव्ह आधीच कुठे माउंट असेल तर अनमाउंट, आणि मग यादीतलं सगळं माउंट करणारं सुडो माउंट -ए. इथे एरर आली तर चालू मशीनवरच दुरुस्त होते, दोन मिनिटांचं काम.

आणि अडकलातच तर इमर्जन्सी मोडमध्ये रूटचा पासवर्ड देऊन आत जा, रूट पार्टिशन रीड-ओन्ली असेल तर आधी माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू आणि पुढे स्पेस देऊन स्लॅश, मग नॅनो एडिटरमध्ये एफएसटॅब उघडून त्या चुकलेल्या ओळीच्या सुरुवातीला हॅश (#) टाका म्हणजे ती वाचली जात नाही, सेव्ह करा, रीबूट. उबुंटूवर रूट अकाउंट बाय डिफॉल्ट लॉक असतं त्यामुळे तिथे आत जाता येईलच असं नाही, अशा वेळी लाईव्ह यूएसबीने बूट करा, तुमचं रूट पार्टिशन माउंट करा आणि त्याच्या आतल्या एटीसी मधली फाईल सुडोने एडिट करा. लाईव्ह सिस्टिमची स्वतःची पण एफएसटॅब असते, ती नाही, डिस्कवरची.