ज्येष्ठांच्या दीर्घकालीन आजारांवर काम करू पाहणाऱ्या समाजकार्याच्या विद्यार्थ्यांसाठी

क्षेत्रकार्यासाठी ज्येष्ठ नागरिकांचा विषय घेणारे बहुतेक विद्यार्थी पहिल्याच महिन्यात आरोग्य शिबिराचा बेत आखतात. शिबिर भरवणे सोपे असते आणि अहवालही देखणा होतो. परंतु मधुमेह, उच्च रक्तदाब, संधिवात हे आयुष्यभर सोबत करणारे आजार असल्याने एका सकाळच्या तपासणीने फारसे काही साधत नाही. माझ्या अनुभवाने सांगतो, वस्तीत आधीपासून जमणारी माणसे प्रथम शोधावीत. ज्येष्ठ नागरिक संघ, विरंगुळा केंद्र किंवा भजनी मंडळ यांपैकी काहीतरी बहुतेक ठिकाणी असतेच, आणि एखादे आजोबा चार दिवस फिरकले नाहीत तर त्यांच्या दाराची कडी वाजवायला कुणाची परवानगी लागत नाही, ही या मंडळींची खरी ताकद आहे.

घरभेटीत प्रश्नावली काढण्याआधी "काकू, गोळ्यांची पिशवी दाखवता का?" असे विचारावे. त्या प्लास्टिकच्या पिशवीत पालिकेच्या दवाखान्यातली अ‍ॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या औषधाची पट्टी आणि खासगी डॉक्टरांनी दिलेली, वेगळ्या नावाची पण त्याच औषधाची दुसरी पट्टी अनेकदा शेजारी शेजारी सापडते, आणि काकू दोन्ही निष्ठेने घेत असतात. आपण मात्र कोणतीही गोळी स्वतःहून बंद करायला सांगू नये; पट्ट्यांवरची मूळ औषधांची नावे मोठ्या अक्षरांत लिहून तो कागद त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोहोचवावा. चातुर्मासात उपवासांची चौकशी आवर्जून करावी, कारण ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी घेऊन दिवसभर पोटात काही गेले नाही तर साखर धोकादायक खाली येऊ शकते. "उपवास करू नका" असे सांगून उपयोग होत नाही, उलट पुढच्या वेळी खरे सांगितलेच जात नाही. एकादशीच्या आधी डॉक्टरांना विचारून येण्याची आठवण मंडळातल्याच एखाद्या मैत्रिणीने केली तर ती ऐकली जाते.

रक्तदाब मोजण्याचे काम संघातल्या सभासदांनाच शिकवावे. मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसणे, पट्टा बाहीवरून न बांधणे आणि हात हृदयाच्या पातळीवर टेकवणे, एवढे नीट जमले तरी पुरे. उठताना चक्कर येते असे कुणी म्हटल्यास उभे राहिल्यावरचा आकडाही नोंदवावा.

योजनांची माहिती नेमकी असावी. २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारतचे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते, पण ते रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे; रोजच्या गोळ्यांसाठी स्वस्त औषधे मिळणाऱ्या जनऔषधी केंद्राची वाट दाखवावी लागते. एकाकीपणा, छळ किंवा हेळसांड यांसाठी १४५६७ ही मदतवाहिनी आहे. तिचा क्रमांक मात्र सर्वांसमोर न देता एकट्यात द्यावा, कारण तक्रार घरातल्याच माणसाविरुद्ध असू शकते.

क्षेत्रकार्याचा कालावधी संपण्याच्या महिनाभर आधी, ज्यांच्याकडे नियमित जायला हवे अशांची यादी त्यांच्या संमतीने संघाच्या सचिवांकडे आणि वस्तीतल्या आशा स्वयंसेविकेकडे सोपवावी, व शेवटच्या काही भेटींना त्यांच्यापैकी एकाला सोबत न्यावे.