या चुका टाळा: कोकणातली लाल माती म्हणजे दगडाचा भुगा नव्हे

आमच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या कातळाच्या माळावर, कलमं लावायची ठरली तेव्हा कोणीतरी सांगितलं की लाल मातीत काय दम नाही, काळी आणून भर. मी पण शहाणा, घाटावरून दोन डंपर काळी माती मागवली आणि कातळात फोडलेले खड्डे काठोकाठ भरले. पहिल्याच पावसात खड्ड्यांची डबकी झाली, श्रावणात पानं पिवळी पडली, दसऱ्यापर्यंत बारातली सात कलमं गेली. उपटून बघितलं तर मुळं काळी पडलेली आणि वास असा की विचारू नका.

तेव्हा कळलं, चूक डोक्यातच होती. आपल्याला वाटतं दगड झिजला, भुगा झाला, की झाली चिकणमाती. अहो, काळा पाषाण वाटून मैद्यासारखं पीठ केलंत तरी ते पाषाणाचं पीठच. चिकणमातीतली खनिजं नव्याने तयार होतात. पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, सौम्य आम्ल होतं, ते दगडातल्या फेल्डस्पार-पायरॉक्सीन या खनिजांना हळूहळू फोडतं, मग सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम पाण्याबरोबर निघून जातं, थोडंथोडं सिलिकाही जातं, आणि मागे राहिलेल्या अॅल्युमिनियम-सिलिकामधून पापुद्र्यापापुद्र्यांची नवी खनिजं जमतात. घाटात रस्त्यासाठी कापलेली दरड नीट बघा. गोल गोल दगड कांद्यासारखे सोलत असतात, आत काळा कडक गाभा आणि बाहेरचा पिवळट पापुद्रा नखानेही निघतो. वीतभर अंतरात सगळा प्रकार दिसतो.

पुढची चूक म्हणजे दगड एक तर माती एक असं समजणं. सोलापूरची काळी माती आणि आमच्याकडची बरीचशी लाल माती, दोन्हीचा मूळ दगड दख्खनचा बेसॉल्टच, म्हणजे तोच काळा पाषाण, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. फरक धुण्याचा. तिकडे पाऊस ६००-७०० मिमी, त्यामुळे सिलिका आणि मॅग्नेशियम बरंच जागेवर राहतं आणि स्मेक्टाइट हे फुगणारं चिकणमातीचं खनिज बनतं. रत्नागिरीकडे ३००० मिमीच्या वर पडतो, सगळं धुऊन निघतं, मग उरतं केओलिनाइट हे न फुगणारं खनिज आणि लोखंड-अॅल्युमिनियमची ऑक्साइडं. धुलाई अजून वाढली तर सिलिका संपतच येतं आणि गिब्साइट होतं, म्हणजे अॅल्युमिनियमचं खनिज, बॉक्साइटवालं. जांभाही त्याच धुलाईतून उरलेला. खाणीतून काढताना जांभ्याचा चिरा नरम असतो आणि उन्हावाऱ्यात कडक होतो. म्हणूनच फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरने केरळात हा दगड बघून १८०७ च्या आपल्या पुस्तकात त्याला लॅटराइट नाव दिलं, लॅटिनमध्ये 'लाटेर' म्हणजे वीट.

आता वडापाव डोळ्यासमोर आणा. स्मेक्टाइट म्हणजे दोन पाव सिलिकाचे, मधे वडा अॅल्युमिनियमचा, आणि एका वडापाव-दुसऱ्या वडापावमधे पाणी शिरतं म्हणून माती फुगते. केओलिनाइट म्हणजे एकच पाव नि एक वडा, थर एकमेकांना घट्ट धरून, पाणी आत शिरतच नाही. माझ्या खड्ड्यात काय झालं ते ह्यावरून लक्षात येईल, फुगणारी माती, खाली-बाजूला कातळ, पाण्याला वाटच नाही.

बरणीत माती ढवळून किती चिकण ते बघायचा प्रयोग हल्ली सगळे करतात, आणि लाल मातीत हमखास फसतात. लोखंडाची ऑक्साइडं चिकणमातीच्या कणांना चिकटवून बारीक गोळ्या करतात, त्या वाळूसारख्या चटकन खाली बसतात, आपण म्हणतो वाळूच आहे. चमचाभर धुण्याचा सोडा घालून खूप वेळ हलवा, तरी सगळं सुटेलच असं नाही. त्यापेक्षा ओला गोळा पाच-सात मिनिटं मळत राहा, सुरुवातीला खरखरीत लागणारी माती हळूहळू चिकट व्हायला लागते. आणि रंगावर जाऊ नका. केओलिनाइट मुळात पांढरं, तांबडा रंग हेमेटाइटचा, पिवळा गोएथाइटचा, दोन्ही लोखंडाचीच खनिजं; विहीर खणताना जांभ्याखाली पांढरट-गुलाबी मऊ माती लागते ना, त्यात हे केओलिनाइट भरपूर.

खतांचं थोडक्यात सांगतो. १०० ग्रॅम स्मेक्टाइट पोषक कण धरून ठेवतं ८० ते १२० मिलिइक्विव्हॅलंट (हे धरून ठेवायच्या ताकदीचं माप), केओलिनाइट फक्त ३ ते १५, म्हणून मृगाआधी सगळं खत एकदम टाकलंत तर निम्मंशिम्मं वहाळात. हप्त्याहप्त्याने द्या. फॉस्फरसचं उलटं, तो वाहून जात नाही, लोखंड-अॅल्युमिनियम त्याला असं पकडतं की झाडाला मिळतच नाही, तेव्हा पसरू नका, शेणखतात मिसळून मुळाजवळ द्या. माती आम्लधर्मी असेल तर रॉक फॉस्फेटही चालतं. चुना मात्र माती तपासल्याशिवाय टाकू नका.

मी नंतर खड्ड्यांच्या एका बाजूने चर मारून पाण्याला वाट दिली, आणि खणताना निघालेली तीच लाल माती शेणखत-पालापाचोळा मिसळून परत भरली. काळी माती गोठ्यामागे पडून आहे, मे महिन्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात तिला आणि जूनच्या पावसात मिटतात. शेजारी उरलेल्या लाल मातीचा ढीग आहे, त्याला काहीच होत नाही.