चॉईस नंबरची गाडी विकताना

चॉईस नंबरच्या, म्हणजे आरटीओत जादा पैसे भरून घेतलेल्या पसंतीच्या नंबरच्या, मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: गाडी ठेवून नुसता नंबर विकता येतो का? येत नाही. आरटीओने तो नंबर तुमच्या गाडीला दिलेला असतो आणि आरसीवर तो चेसिस नंबरशी (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकाशी) बांधलेला असतो. गाडी विकली की नंबर तिच्याबरोबर जातो. महाराष्ट्राच्या नियमांत 2024 मध्ये झालेल्या सुधारणेने पती-पत्नी, मुलगा, मुलगी यांच्या नावे पसंतीचा नंबर करून द्यायची मुभा मिळाली, पण ती घरातल्या घरात. कोणी बाहेरचा माणूस "नुसता नंबर द्या, रोख देतो" म्हणाला तर तिथेच थांबा. 1 एप्रिल 2019 पासूनच्या गाड्यांना कंपनीतूनच उच्च सुरक्षा नंबरप्लेट येते. तिचं स्नॅप लॉक तोडल्याशिवाय पाटी निघत नाही आणि पाटीवरचा लेझर क्रमांक त्याच गाडीच्या नोंदीत असतो. पाटी काढून दुसऱ्या गाडीला लावणं हा सौदा नव्हे, तो गुन्हा आहे.

म्हणजे विकायची ती गाडी, नंबरसकट. नंबरचे पैसे किती मिळतील, हे घेणाऱ्याला तसाच नंबर नवा घ्यायला किती पडले असते त्यावर ठरतं. 0001 साठी चारचाकीला रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात 5 लाख, रायगडात 6 लाख असा सरकारी दर 2024 मध्ये झाला. दुचाकीला 1 लाख. 9, 99, 786 असल्या नंबरांना त्याहून कमी. ही तुमची वरची मर्यादा. दहा वर्षं वापरलेल्या गाडीवर तेवढी रक्कम कोणी देत नाही, कारण गाडीचं आयुष्य संपलं की नंबरचा उपयोगही संपतो. नुसती बेरीज 9 येते म्हणून जास्त भाव मागू नका. असा नंबर गाडी लवकर खपवतो, महाग नाही.

गिऱ्हाईक कुठलं, हे मात्र नीट बघा. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गकडे गोव्याचं गिऱ्हाईक सहज मिळतं. पण गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त राहणार असेल तर तिथला नवीन नंबर घ्यावा लागतो. म्हणजे तो जीए पाटी लावणार आणि तुमच्या नंबरचं मोल त्याला शून्य. त्याच्याशी भाव फक्त गाडीचा करा. याउलट मुंबई-ठाण्यात राहणाऱ्या मालवणी किंवा रत्नागिरीकर माणसाला गावची 07 (सिंधुदुर्ग) किंवा 08 (रत्नागिरी) ची पाटी हवीशी असते, आणि राज्यातल्या राज्यात पत्ता बदलला तरी नंबर तोच राहतो. गणपतीच्या आधीचे दोन महिने अशा गिऱ्हाइकासाठी सगळ्यात चांगले.

जाहिरातीत पाटीचा फोटो द्यावाच लागतो, तेच तर विकायचं आहे. पण आरसी, विमा, चेसिस नंबर यांचे फोटो प्रत्यक्ष भेटीआधी कोणालाही पाठवू नका. चांगल्या नंबरची बनावट पाटी करणाऱ्याला तेवढंच पुरतं.

आता कोकणातली खरी अडचण: चेसिस प्रिंट. हस्तांतरणाच्या कागदांना चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट जोडायला सांगतात, आणि खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस यांनी तो नंबर गंजलेला असतो. बऱ्याच गाड्यांत तो इंजिनमागच्या पत्र्यावर किंवा पुढच्या डाव्या सीटखाली कार्पेटाच्या झाकणीआड असतो; मोटारसायकलला हँडलच्या मानेवर. गंज काढायला ग्राइंडर किंवा जाड पॉलिश पेपर कधीही लावू नका. अक्षरांच्या कडा झिजल्या की नंबर खोडल्यासारखा दिसतो आणि प्रकरण तपासणीला अडकतं. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास त्यावर ठेवा, मग जुना टूथब्रश फिरवा, कोरडं पुसा. पातळ कागद चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून एकाच दिशेने घासा. अक्षरांची खोली पांढरी राहते, भोवती काळं होतं. तीन-चार प्रिंट काढून ठेवा, पहिला सहसा हलतो. शेवटी थोडं ग्रीस लावून झाकणी बसवा. अक्षर मुळातच वाचता येत नसेल तर गिऱ्हाईक शोधण्याआधी आरटीओत जाऊन विचारा, नंतर नाही.

22 जुलै 2021 च्या पुरानंतर चिपळूणकडची गाडी म्हटली की घेणारा सीटखाली हात घालून चिखल शोधतो. गाडी पाण्यात गेली असेल तर आधीच सांगा आणि दुरुस्तीची बिलं दाखवा. लपवलेलं बाहेर आलं की नंबरचे पैसे पहिले कापले जातात.

कागदांत फॉर्म 29 (विकल्याची सूचना) च्या दोन प्रती, फॉर्म 30 (नावावर करायचा अर्ज), आरसी, चालू विमा, पीयूसी आणि दोघांचे ओळख-पत्त्याचे पुरावे लागतात. कर्ज फिटलं असलं तरी आरसीवर बँकेचा बोजा राहिलेला असतो. बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 देऊन तो आधी उतरवा. गोव्याला जाणार असेल तर फॉर्म 28 वर एनओसी (ना हरकत दाखला). ई-चलनं भरून टाका. 2019 आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली नसेल तर हस्तांतरणाचं काम अडतं, म्हणून ती आधी लावून घ्या. आरसीला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे ना तेही बघा, ओटीपी तिथेच येतो. हे सगळं गिऱ्हाईक येण्याआधी उरकलेलं बरं. ओरोस किंवा पेणच्या आरटीओला एकाच कामासाठी तीनदा एसटी पकडावी लागते ती यापैकीच एखादी गोष्ट राहिल्यामुळे.

कोऱ्या फॉर्मवर सह्या करून एजंटाच्या हाती देऊ नका. विकल्याची सूचना 14 दिवसांत तुम्ही द्यायची, नावावर करायचा अर्ज 30 दिवसांत घेणाऱ्याने करायचा. नाव बदललं नाही आणि अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीतल्या मालकावर येते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. घेणारा ओळखीचा, वाडीतला, भावकीतला असला तरी हाच नियम.

पैसे बँकेतून घ्या. रोख 2 लाख किंवा त्याहून जास्त घेतले तर प्राप्तिकराचा तेवढाच दंड बसू शकतो, आणि "नंबरचे वेगळे रोख" हा प्रकार नेमका इथेच फसतो. करारात एकच किंमत लिहा, नंबरसकट. 500 रुपयांच्या मुद्रांकावर करार करा आणि डिलिव्हरी नोटवर (गाडी ताब्यात दिल्याच्या चिठ्ठीवर) तारखेबरोबर वेळही टाका. संध्याकाळी साडेपाचला चावी दिली असेल तर तसंच लिहा. त्या मिनिटानंतरचं चलन त्याचं.

चावी देण्याआधी फास्टॅग बंद करा, नाहीतर त्याचा टोल तुमच्या खात्यातून जाईल. विम्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुमचा असतो, गाडीचा नाही. विमा कंपनीकडून पत्र घेऊन तो पुढच्या गाडीला लावता येतो. डिलिव्हरी नोट आणि फॉर्म 29 ची पोच जपून ठेवा, आणि दर आठवड्याला एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघा. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं दिसतं, पण आद्याक्षर बदललं की कळतं.